अकरा म्हणून बोल

"तुम्ही कोण ते मला माहीत आहे हो," स्टोरेजवाल्या बाई फोनवर म्हणाल्या. "पण तुमचा सर्व्हर बारा नंबरवरून बोलतोय. माझ्या यादीत अकरा आहे. मी बाराला फायली देऊ शकत नाही."

ढब्बूने डोळे मिटले. तो हॉस्पिटलचा सर्व्हर सांभाळायचा आणि त्याचं वजन बावन्न किलो होतं. ढब्बू हे नाव ताईने ठेवलेलं. ताई आत्ता दोन मजले वर ऑपरेशनच्या टेबलावर होती, कवटी उघडलेली. डॉक्टर ज्या चित्रांकडे बघत तिच्या मेंदूत पुढे सरकत होते, ती सहा मिनिटांपूर्वी पडद्यावरून गायब झाली होती. सर्व्हर आपणहून बंद पडला आणि आपणहून उठला होता. उठल्यापासून तो स्टोरेजकडे, म्हणजे फायली साठवणाऱ्या यंत्राकडे, ती चित्रं मागत होता आणि स्टोरेज त्याला उभं करत नव्हतं.

सर्व्हरला दोन पत्ते होते. अकरा जुना. बारा ढब्बूनेच गेल्या आठवड्यात दिला होता, अतिदक्षता विभागातल्या नव्या यंत्रांसाठी. शुद्धीवर आल्यावर सर्व्हरने जे तोंड हाताला लागलं त्याने बोलायला सुरुवात केली. बारा काढून टाकावा, तर त्यावर या घडीला सात माणसांचे ठोके मोजले जात होते.

"बाई, यादीत बारा टाका ना. एका ओळीचं काम आहे."

"टाकते की. तुम्ही फक्त नोंदवलेल्या नंबरवरून फोन करा. हा कुणाचा नंबर?"

"माझ्या भाऊजींचा. माझा फोन मेलाय."

"मग मी कसं ओळखायचं?"

"परवा तासभर तुम्ही मला तुमच्या मांजराचं ऑपरेशन सांगत होतात!"

"सांगत होते ना. पण त्या नंबरवर सांगत होते." बाईंचा आवाज खरोखरच हळवा झाला. "माझी नोकरी जाईल हो, ढब्बू."

भाऊजी दारात उभे होते. वर थांबवेना म्हणून ते खाली आले होते. "काय म्हणतात?"

"म्हणतात, मी ढब्बू आहे, पण मी मी नाही."

भाऊजींनी मान डोलावली. सकाळपासून डॉक्टर जे बोलत होते त्या मानाने हे सोपं होतं.

टेबलावरचा आतला फोन वाजला. स्पीकरवर ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. "कधी येणार? डॉक्टर हात वर धरून उभे आहेत."

"किती वेळ धरतील?"

"विचारू त्यांना?"

"नको."

"दहा मिनिटं म्हणालेत," तिने आवाज उतरवला. "त्यापुढे पेशंटला सोसवणार नाही. मग अंदाजाने करणार."

"अंदाजाने काय?" भाऊजींनी विचारलं. ढब्बूने फोन ठेवला.

स्टोरेज जोडायच्या आज्ञेत एक पर्याय असतो. त्याचं नावच 'क्लायंटचा पत्ता', म्हणजे मागणाऱ्याचा. ढब्बूने त्यात अकरा लिहिलं आणि एंटर मारलं. नकार. पुन्हा मारलं. नकार. मग त्याने माहितीचं पान उघडून वाचलं. मला उलटा निरोप द्यायचा झाला तर या पत्त्यावर द्या, एवढंच तो पर्याय स्टोरेजला सांगत होता. आपण कुठून बोलतोय ते त्याने बदलत नव्हतं.

"क्लायंटच्या पत्त्याचा क्लायंटच्या पत्त्याशी काही संबंध नाही," ढब्बू बातम्या वाचल्यासारखा म्हणाला.

"मग नाव तसं कशाला ठेवलंय?" भाऊजी ओरडले.

"मला ढब्बू कशाला म्हणतात?"

भाऊजी खाली बसले, जमिनीवरच, सर्व्हरच्या पंख्यांच्या घरघरीत.

चार मिनिटं उरली. ढब्बूने जोडणीचा नाद सोडला आणि सर्व्हरचे निरोप ज्या वाटेने जातात त्या वाटेलाच हात घातला. सर्व्हरला सांगायचं होतं एवढंच, की बाकी जगाशी हवं त्या तोंडाने बोल बाबा, पण स्टोरेजच्या वाटेला लागलास की अकरा म्हणून बोल. एक ओळ. पहिल्यांदा स्टोरेजचा पत्ता चुकला. दुसऱ्यांदा टिंब राहिलं. तिसऱ्यांदा त्याने अकराच्या जागी चव्वेचाळीस लिहिलं; ते ताईचं वय होतं. चौथ्यांदा तो एकेक अक्षर मोठ्याने म्हणत गेला आणि भाऊजी खालून ते पुन्हा म्हणत गेले.

एंटर.

काही न विचारता सगळं उघडलं.

"अगंबाई, अकरा आले!" भाऊजींच्या फोनमधून बाईंचा आवाज आला. त्यांनी लाइन सोडलीच नव्हती. "आता कसं! या, या."

आतला फोन वाजला. "आलं," सिस्टर म्हणाली आणि तिने ठेवून दिला.

चित्र ढब्बूच्या पडद्यावरही आलं होतं. करड्या मेंदूत डाव्या बाजूला, शर्टाच्या बटणाएवढं, पांढरं. ती गाठ. डॉक्टरांनी दाखवलं होतं तेव्हा भाऊजींनी मान खाली घातली होती. आता ते उठले आणि पडद्याच्या अगदी जवळ आले.

"एवढंच?"



भाऊजींनी खिशातून रुमाल काढला, त्या पांढऱ्यावर तोंडाची वाफ सोडली आणि पुसायला लागले. आधी हलक्या हाताने. मग गोल गोल.

"जोर लावा, भाऊजी," ढब्बू म्हणाला.