इथे विचारायचं नसतं

"दार लावून घ्या आणि रडू द्या. दोन दिवसांत गप्प होते," आजी म्हणाल्या. नातीने त्यांच्या पिशवीचा बंद दोन्ही मुठींत आवळला होता.

बालवर्गाच्या ताईंनी दार उघडंच ठेवलं. "आमच्याकडे रडणाऱ्या मुलाचं माणूस वर्गात बसतं. मूल 'आता जा' म्हणेपर्यंत."

"अहो, मी उभा जन्म बालवर्गच घेतलाय! पोरांना पहिल्याच दिवशी धाक बसला ना, की वर्ष सुखाचं जातं."

"माहीत आहे," ताई म्हणाल्या आणि वर्गातली सगळ्यात बुटकी खुर्ची त्यांनी आजींपुढे सरकवली. टेबलामागची मोठी खुर्ची रिकामीच होती.

आजींनी ताईंना ओळखलं नव्हतं. ओळखणार तरी कशा? हात वर करून करून फ्रॉक ओला झालेली आणि "बघा रे, आपल्याकडे नळ फुटला" म्हणून बाईंनी वर्गभर हसं केलेली एक पोर, ती कुठल्या बाईंच्या लक्षात राहते! पोरीच्या मात्र सगळं लक्षात होतं. तिने मोठेपणी मांडलेला हा अख्खा वर्ग म्हणजे त्या सकाळचा उगवलेला सूड होता. खुंटीला कोरड्या चड्ड्यांची पिशवी. बाथरूमला आतून कडी नाही. जायचं तर कुणाला विचारायचं नाही. भीती वाटली तर शेजारच्याचा हात धरायचा.

आजींना हे नियम कुणी सांगितले नव्हते. ताईंनीही नाही.

मुलं अंगठ्याने रंगाचे ठसे उठवत होती. नात रडता रडता शेजारच्या मुलीच्या निळ्या वाटीत अंगठा बुडवून बसली, ती रमलीच. आजींचे गुडघे हनुवटीला टेकायच्या बेतात आले होते. त्यांनी पाय जवळ घेतले. पुन्हा घेतले. मग इकडेतिकडे बघून त्यांनी हात वर केला. इतकी वर्षं पोरांकडून करून घेतलेलं अंगात भिनलं होतं.

ताईंनी पाहिलं आणि फळ्याकडे तोंड फिरवलं. फळा स्वच्छच होता. त्या तो पुसू लागल्या.

"अहो ताई..."

"आधी काम, मग बाकीचं."

हे बाईंचंच वाक्य. ते बाईंच्याच सुरात बाहेर पडलं, तेव्हा ताईंना इतकं बरं वाटलं, की त्या आणखी सावकाश पुसत राहिल्या. पाठीमागे बुटकी खुर्ची कुरकुरली. मग आणखी एकदा.

"आजी, शू लागली?" शेजारची मुलगी उठून आली होती. "मग हात काय वर करताय? इथे विचारायचं नसतं. चला!"

तिने मनगटापर्यंत निळा झालेला हात पुढे केला. आजींनी तो धरला. नात "मी पण, मी पण" करत मागे धावली. तिघी परत आल्या तेव्हा आजींच्या तळव्याला निळं लागलं होतं, आणि त्या कुणाकडेही न बघता खुर्चीत बसल्या.

मुलगी मात्र जागेवर गेली नाही. फळ्यापाशी येऊन उभी राहिली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "ताई, तुम्हाला आजींचा हात दिसला होता ना?"