नाही पटलं

“आला आणखी एक!” ती पुटपुटली. उत्तर वाचायच्या आधीच तिच्या कपाळाला आठी पडली होती.

सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. रविवार असल्यामुळे ती काम करायची त्या रक्त तपासायच्या प्रयोगशाळेला सुट्टी होती, फोनला नव्हती. पुस्तकांवर भांडण्यासाठी तिने फोनवर एक गट काढला होता. नाव ‘नाही पटलं’. कुणीतरी वर्तमानपत्रात त्याचं कौतुक छापलं काय आणि दारात झुंबड उडाली काय!

गटाची रीत एकच. पुस्तकाचं कौतुक करायचं असेल तर आधी त्यातलं काय पटलं नाही ते सांगायचं. ही रीत मुळात तिच्या बाबांची. त्यांची नजर अधू, म्हणून ती त्यांना वाचून दाखवायची आणि ते पानापानाला अडवायचे, “थांब. मला नाही पटलं.” मग चहा गार होईपर्यंत दोघांची जुंपायची. त्या भांडणाची गोडी इतरांनाही लागावी म्हणून तर गट निघाला. सुरुवातीला माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. सगळ्यांचं म्हणणं ती बाबांना वाचून दाखवायची आणि बाबांचं म्हणणं गटात टाकायची. त्यांना वेगळं आत घ्यावं असं कधी मनातही आलं नाही.

आता नवे लोक यायचे, ‘अप्रतिम!’ असं लिहून फुलांची चित्रं ओतायचे आणि गायब व्हायचे. तिने दारावरच प्रश्न टांगला. कोणत्या पुस्तकातलं काय पटलं नाही? उत्तर तिच्या पसंतीस उतरलं तरच प्रवेश. तेव्हापासून ती उत्तरंच वाचत होती.

परगावी राहणाऱ्या धाकट्या भावाचा फोन आला. “ताई, किती जणांना हाकलशील? दार जरा सैल सोड की.”

“आणि बाजार भरवू? गटाचा स्वभाव जपायला नको?”

“तू स्वतः शेवटचं पुस्तक कधी वाचलंस?”

“मला वेळ मिळतो का?” ती फणकारली आणि फोन बंद केला.

शेजारच्या खोलीत बाबांचा फोन बडबडत होता. आता त्यांना अक्षरं अजिबातच दिसत नव्हती, म्हणून भावाने तो बोलका फोन पाठवला होता. बाबा बोलतील ते तो लिहायचा आणि आलेलं वाचून दाखवायचा. बातम्या असोत की हवामान, आवाज तोच, कोरडा ठणठणीत. तिचं डोकं उठलं. तिने मधलं दार लोटलं आणि नव्या माणसाचं उत्तर उघडलं. दारावर नंबर दिसायचा नाही, फक्त घेतलेलं नाव; त्याने नुसतं ‘श्रोता’ असं दिलं होतं.

“पुस्तक रंगात आलं होतं. काय पटलं नाही ते सांगायचं तर शेवटापर्यंत पोचायला हवं. वाचून दाखवणारं माणूस मध्येच उठून गेलं. त्याची वाट बघतोय.”

“घ्या! पुस्तकाचं नाव ना गाव, नुसतं रडगाणं.” आत कुठेतरी काहीतरी टोचलं, पण तिला राग आवरत नव्हता. तिने भराभर टाइप केलं, ‘तुमचं उत्तर पुस्तकाविषयी नाही. इथे फक्त खऱ्या वाचकांना प्रवेश आहे.’ आणि पाठवून दिलं.

आता तरी बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ती उठून खिडकीपाशी गेली, परत फिरली.

लोटलेल्या दाराआडून तो कोरडा आवाज आला.

“तुमचं उत्तर पुस्तकाविषयी नाही. इथे फक्त खऱ्या वाचकांना प्रवेश आहे.”

ती होती तिथेच थिजली. मग बाबा, समोर कुणी नसताना, हळूच म्हणाले,

“मला नाही पटलं.”