कपाटातला तपकिरी चुरा

कपडे उबेत वाळवायचं कपाट, म्हणजे एअरिंग कपबोर्ड, रिकामं होतं. गरम पाण्याच्या टाकीशेजारी निसीमने जिवापाड जपलेली पिशवी गायब होती.

“तो तपकिरी चुरा ना? परवाच मागच्या बादलीत बुडवला,” त्याची बायको रोझी म्हणाली. “पेसाखचा सण आला, अहो. घरात पावाचा कण राहायला नको.”

तो चुरा पावाचा नव्हता. ती कुंडीत घालतात तसली ओलसर माती होती आणि तिच्यात त्याच्या आफ्रिकन माशांची अंडी होती. हे मासे माळरानावरच्या पावसाळी डबक्यात जगतात. डबकं आटलं की आईबाप मरतात. अंडी चिखलात पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहतात. निसीमचे आईबाप मासे नाताळातच आटोपले होते. वंश म्हणायचा तर तेवढी पिशवीच.

ज्यूंच्या या सणासाठी आठवडाभर म्हणून जेरुसलेमच्या मुलखातल्या बीरशेबाहून आलेला थोरला भाऊ शालोम चहा ढवळत होता. त्याच्या दोन अवाढव्य सुटकेसींनी जिना अडवला होता आणि उपदेशाने घर.

“एकोणपन्नासात पवित्र भूमीची हाक आली, मी पहिल्याच जहाजाने निघालो,” तो म्हणाला. “तू दर सणाला ‘पुढल्या वर्षी जेरुसलेमात’ म्हणतोस आणि इथे विलायतेत, इल्फर्डातच मासे पोसतोस. ती अंडीही तुझ्यासारखीच. ढिम्म.”

निसीम परसात धावला. बादलीत अंडी फुटून पिल्लं निघाली होती, जिऱ्यापेक्षा बारीक. एप्रिलच्या थंडीने सगळी गारठून मेली होती. रोझीने पदर तोंडाला लावला. नाक ओढत त्याने माती पिळली आणि वर्तमानपत्रावर पसरायला घेतली.

“आता काय त्याचं लोणचं घालणार?” मागून आलेल्या शालोमने विचारलं.

“सगळी नाही फुटत, दादा. काही अंडी पहिल्या पावसाला दादच देत नाहीत. पाऊस फसवा निघाला तर मागे कोणीतरी हवं ना. वाळवून पुन्हा भिजवली की ती निघतात.”

“आणि पहिल्याच पावसाला निघाली ती?”

“शूर होती बिचारी.”

शालोमने बादलीतून नजर काढली आणि दारातून जिन्यातल्या आपल्या सुटकेसींकडे पाहिलं.

“निसीम,” तो हळूच म्हणाला, “तुझी वरची मागची खोली रिकामीच असते ना रे?”