बुडाली कशी?

उभ्याने चालवायची ती जेट स्की म्हाताऱ्या कारागिराने स्वतः मुलासाठी घडवली होती. फोम तासून पुढच्या पोकळीत ठासून बसवला होता, वर फायबरचे थर चढवले होते. आता ती समुद्राच्या तळातून काढून त्याच्या वर्कशॉपमध्ये आणली होती. तिच्यासोबत बुडालेल्या मुलाला अग्नी देऊन आठवडा झाला होता.

"फुटली तरी तरंगेल, धरून राहता येईल, असं तुम्हीच म्हणाला होतात ना, बाबा?" सुनेने विचारलं. "मग बुडाली कशी?"

त्याने पुढचा भाग कापून आत हात घातला. पोकळी रिकामी होती. फोम सफाईने कोरून काढून वर नवा पातळ थर चढवला होता. ती सफाई त्याने लगेच ओळखली. त्यानेच ती मुलाला शिकवली होती. शर्यतीसाठी वजन उतरवायचं, ही पोराची जुनी खोड.

"शर्यतीत फुटली म्हणावं, तर शर्यती सोडल्या होत्या त्यांनी," सून पोटावर हात ठेवून म्हणाली. "बाळाची शपथ घेतली होती."

म्हातारा तिला आतलं दिसू नये असा आडवा उभा राहिला.

"माझ्याच हातून फोम कमी पडला, पोरी."

सून पुन्हा त्या घराची पायरी चढली नाही. नातवाचं तोंड त्याला कधीच दिसलं नाही.