चालवून बघितलेलं कार्ड

चष्मेवाल्याने कॉम्प्युटरच्या उघड्या कॅबिनेटमध्ये वाकून ग्राफिक्स कार्डाचा वास घेतला. जळका वास नव्हता. स्क्रूंच्या खाचा शाबूत होत्या, म्हणजे कुणी कार्ड खोललेलं नव्हतं. पंख्यांवर धूळ होती, पण धूळ चालते.

दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढणाऱ्या या माणसाचं संध्याकाळचं मागणं एवढंच होतं, की नवे खेळ न अडखळता चालावेत. नव्या कार्डाची किंमत ऐकून बायको म्हणाली होती, "घराला रंग लावायचा की तुमच्या खेळाला, ते एकदा ठरवा." रंग जिंकला. मग त्याने एक जुनं कार्ड आणलं, आणि त्या कार्डाने घरी येताच मान टाकली. तेव्हापासून चष्मेवाला ताक फुंकून पीत होता. विकणाऱ्याच्या घरी जायचं, त्याच्याच कॉम्प्युटरवर सगळ्यात जड खेळ लावायचा, कार्ड चांगलं तापू द्यायचं, आणि मगच खिशात हात घालायचा.

इथे तर भाव निम्म्याहून कमी होता. एवढ्या स्वस्तात कुणी का देईल, हा प्रश्न त्याला जिना चढतानाच पडला होता. पण स्वस्ताई डोळ्यांवर आली की चष्मेवाल्यालाही दिसत नाही.

"मुलाचं आहे," कार्ड विकणारे घरमालक म्हणाले. इस्त्रीचा सदरा, मवाळ आवाज. "तो आता मामाकडे असतो, अभ्यासाला. त्याला नाही लागणार."

"परत मागितलं तर?"

"नाही मागणार."

खोली जरा जास्तच आवरलेली होती. कपाट रिकामं, पलंगावर नुसत्या फळ्या. दाराची कडी बाहेरच्या बाजूला होती. आपल्याला काय करायचंय, असं म्हणून चष्मेवाला खुर्चीत बसला.

"हेडफोन लावा," घरमालक म्हणाले. "घरात आवाज चालत नाही आम्हाला." आणि ते त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले.

मुलाचं ऑनलाइन खातं चालूच होतं. चष्मेवाल्याने माईकवाले हेडफोन चढवून एक जड खेळ उघडला. डोंगर, धूर, पळणारे सैनिक, कुठे म्हणून अडखळणं नाही. पंख्यांचा आवाजही एकसारखा. त्याला मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तोंड वाकडं करून भाव अजून थोडा उतरवता येईल, असाही हिशेब त्याने मांडला.

तेवढ्यात कानात कुणीतरी बोललं.

"अरे, आलास तू? कुठे होतास इतके दिवस?" एका मुलाचा आवाज होता, घाईतला, दबका. "थांब, बोलू नकोस. बाबा मागे असतील ना तुझ्या? ते सांगतात तू मामाकडे आहेस. मी तुझ्या मामांना फोन केला होता. ते म्हणाले, तो इकडे आलाच नाही."

चष्मेवाल्याचा हात माउसवर होता तसाच राहिला.

"बाबा मागे उभे असतील तर फक्त खोक. आपलं ठरलंय तसं. मी लगेच पोलिसांना फोन करतो. ऐकू येतंय का तुला?"

"कोण बोलतंय?" हेडफोनमधून झिरपलेली कुजबुज ऐकून घरमालकांनी मागून विचारलं.

"कोणी नाही," चष्मेवाला माईक मुठीत धरून म्हणाला. "खेळातलीच बडबड."

घरमालक वाकले. पडद्याच्या कोपऱ्यात एका नावापुढे हिरवा ठिपका लुकलुकत होता. त्यांनी तो नीट पाहिला. त्यांच्या सदऱ्याला साबणाचा वास येत होता.

"त्याचा मित्र आहे. उगाच मागे लागतो," ते म्हणाले. "एवढं करा. 'मी ठीक आहे, मजेत आहे' असं लिहून टाका त्याला. तुम्हाला येतं ते, मला नाही जमत. आणि पैशांचं राहू द्या. कार्ड असंच घेऊन जा."

फुकट ते पौष्टिक, असं चष्मेवाला आयुष्यभर म्हणत आला होता. त्याची बोटं कळफलकावर गेलीसुद्धा. दोन शब्द लिहायचे, कार्ड पिशवीत टाकायचं, जिना उतरायचा. आज रात्रीच खेळता आलं असतं.

मग त्याच्या डोळ्यांसमोर त्याची बायको आली. कार्ड पाहून ती पहिलं काय विचारणार, हे त्याला पाठ होतं. फुकट का दिलं? त्याला भीती वाटली, आणि घरमालकांपेक्षा या प्रश्नाची जास्त वाटली. त्याने बोटं मागे घेतली.

तो खोकला.

"कळलं," कानातला आवाज म्हणाला. "फोन लावतोय. तिथेच थांब." कोपऱ्यातला ठिपका विझला.

खेळ चालूच होता. सैनिक पळत होते. मग घरमालकांनी आत हाक दिली, "पाणी आण गं."

त्यांची बायको पेला घेऊन आली. मान खाली, पदर घट्ट गुंडाळलेला. पेला ठेवताना तिने एकदाच वर पाहिलं, चष्मेवाल्याकडे नाही, त्याच्या हेडफोनकडे. मग ती निघून गेली.

घरमालकांनी दार लोटलं. परत येऊन त्यांनी चष्मेवाल्याच्या डोक्यावरचे हेडफोन दोन्ही हातांनी अलगद काढले, वायर गुंडाळली आणि टेबलावर नीट ठेवले.

"पाणी प्या सावकाश," ते म्हणाले. "आमच्या पोरालाही या खुर्चीत बसलं की असाच खोकला यायचा. आमच्या फार उशिरा लक्षात आलं."