चाकाची राखण

बोटाएवढ्या जाड नळीवर बसणारं ते लाल प्लास्टिकचं चाक कुठं लावावं, यातच आकांक्षाची सकाळ गेली. नळीतलं पाणी कॉम्प्युटर थंड ठेवतं. चाक फिरतंय म्हणजे पाणी फिरतंय. पाणी गोल फिरून तिथंच परत येतं, त्यामुळं चाक कुठंही चालतं. पण कॉम्प्युटरच्या मागं लावलं तर टॉर्च घेऊन वाकावं लागतं. म्हणून तिनं ते पुढं, काचेआड लावलं, खुर्चीतून दिसेल असं.

खुर्चीत सासरे बसणार होते.

परवा पाणी फिरवणारा पंप मध्येच बंद पडला, ते तिला जळक्या वासावरून कळलं होतं. आज मशीन एकटं सोडायची सोय नव्हती. अमरावतीच्या बिल्डरसाठी केलेली बंगल्यांची फिल्म इकडे अकोल्यात, घरच्या या कॉम्प्युटरवर तयार होत होती. झाली की आपोआप तिच्या फोनवर येणार, आणि मध्येच थांबली तर पुन्हा पहिल्यापासून. चार वाजता ती अमरावतीत बिल्डरला फिल्म दाखवणार होती. तिच्यानंतर लगेच नागपूरची दुसरी पार्टी आपली फिल्म दाखवणार होती.

"बाबा, चाक थांबलं तर हे बटन बंद करायचं. दुसरं काही करायचं नाही."

"माह्या बापानं रातभर वावर राखलं," चंद्रभान खुर्ची पुढं ओढत म्हणाले, "मी येक चाक नाई राखू शकत?"

बोरगावच्या पुढं बसमध्ये पहिला फोन आला. "फिरून राहिलं."

मूर्तिजापूरला दुसरा. "अजून फिरूनच राहिलं. कंटायत नाई काहून व ते?"

"बाबा, थांबलं तरच फोन करा."

मग फोन आला नाही. हे जास्तच वाईट झालं. चाक थांबलं, की बाबांना झोप लागली? तिनं फोन पर्समध्ये टाकला, काढला, परत टाकला. शेजारच्या बाई जरा सरकून बसल्या. बडनेरा आलं तेव्हा तिनं स्वतःच फोन लावला.

"बाबा, चाक?"

"थांबलं."

"कधी?"

"आताच. मीच बंद केलं."

"फिरत नव्हतं का?"

"मस्त फिरत होतं. तुही फिल्म बी होतच आली होती. टीव्हीवरची पट्टी भरतच आली होती."

"मग काहून, बाबा?"

"मले लघवीले जा लागत होतं." पलीकडं खुर्ची करकरली. "नळाले मोटर लावल्यावर चालू सोडून कोनी उठते का आपल्या घरी?"

बस अमरावतीत शिरली.

"तू काई फिकर करू नोको," चंद्रभान म्हणाले. "आता जाऊन आलो. लावतो परत. आता संध्याकायलोक हालत नाई."