माळ घातलेला हातोडा

"गोटीराम तांबटांना मी जवळून ओळखत होतो," निफाडकर साहेब माइकवर सांगत होते. "त्यांना वेळोवेळी मार्गदर्शन केलं. आज त्यांचा हातोडा आपल्या संग्रहालयात येतोय, याचा मला अभिमान वाटतो."

पहिल्या रांगेत बसलेल्या शुभांगीने, गोटीरामांच्या लेकीने, जोरात टाळ्या वाजवल्या. अजून बोला साहेब, ती मनात म्हणत होती. जेवढं वर चढाल तेवढं बरं.

ते मार्गदर्शन तिच्या डोळ्यांदेखत झालं होतं. साल त्र्याण्णव. शहरातल्या उद्योगवाढ केंद्रात निफाडकर तेव्हा अधिकारी होते. स्टीलने तांबट आळीचं कंबरडं मोडलं होतं. गोटीराम हाताने ठोकलेला तांब्याचा हंडा घेऊन गेले. बाहेरगावी गिऱ्हाईक कसं मिळेल, एवढंच विचारायचं होतं. साहेबांनी हंड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते आपल्या फिरत्या खुर्चीत झुलत राहिले आणि म्हातारा हंडा पोटाशी धरून टेबलासमोर उभा. बसा म्हणायला काय जात होतं मेल्याचं?

"काका, ठोकाठोकीचे दिवस गेले," साहेब हसून म्हणाले. "जे कालबाह्य झालं ते संग्रहालयात द्यावं. लोकांना बघायला तरी मिळतं."

त्या दसऱ्याला गोटीरामांनी रीतीप्रमाणे हातोड्याची पूजा केली, त्याला झेंडूची माळ घातली. दुसऱ्या दिवशी माळ उतरवून कामाला लागायचं, ही तांबटांची रीत. त्यांनी माळ उतरवलीच नाही. ती हातोड्यावरच वाळली. पुढचा दसरा यायच्या आत गोटीरामही गेले.

माळ शुभांगीने उतरवली. आधी घराच्या ओट्यावर, मग सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत शेड घेऊन तिने ठोकाठोकीच केली. आता तिच्या हंड्यांना, समयांना पार मुंबईहून मागणी येते. पोरीने बापाचं नाव काढलं, असं आळीत म्हणतात. खरं तर पोरीने डूख धरला होता. केंद्र बंद पडलं, निफाडकर निवृत्त होऊन नव्या संग्रहालयाचे अध्यक्ष झाले, तरी तो उतरला नाही. आणि मागच्या महिन्यात साहेबांचाच फोन आला, "ताई, तांबट दालनासाठी वडिलांची काहीतरी आठवण द्या, हातोडा वगैरे."

"देते की," ती म्हणाली. "फक्त कापड तुमच्याच हाताने काढा."

आज सकाळी टेम्पोतून तिने ती वस्तू आणली होती, लाकडी सांगाड्यात ठेवून, वरून लाल कापड घालून. हातोड्याबरोबर ऐरणही दिलेली दिसते, असं समजून साहेब खूश होते.

भाषण संपवून त्यांनी कापड ओढलं.

आत काळ्या रेक्झिनची फिरती खुर्ची होती. खुर्चीच्या डाव्या हातावर सिगारेटचा जुना चटका होता. तो साहेबांनी लगेच ओळखला. टाळ्यांसाठी उचललेले लोकांचे हात तसेच राहिले.

"हे काय? हातोडा कुठाय?"

"हातोडा कामावर आहे, साहेब. खुर्ची तुमच्या केंद्राच्या लिलावात घेतली. कालबाह्य झालं ते संग्रहालयात द्यावं, तुम्हीच म्हणाला होतात."

निफाडकर भाषणभर उभेच होते. साठी उलटलेला माणूस. आधारासाठी त्यांचा हात खुर्चीकडे गेला.

"हात लावू नका," शुभांगी म्हणाली. "इथे बसायचं नसतं. माझ्या बाबांसारखं उभं राहून बघा."